नागपूरची बादली आणि वॉफलचे टाके

मी एक जुनी बादली आहे. हिरवी, प्लॅस्टिकची, कडी गेलेली आणि बुड नसलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. एरवी माणसांशी मैत्री करावी असं मला त्यांच्यात फारसं काही दिसलेलं नाही, आणि कुत्र्यांत तर त्याहून नाही.

मला कळायला लागलं ते नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानासमोर दोरीला लटकत असताना. तिथून मला मालिनीताईंनी निवडलं. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला उलटी करून बुडावर टकटक वाजवलं, कडी ओढून पाहिली, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस केली आणि घरी नेलं. त्यांचा धाकटा भाऊ भानुदास अमेरिकेला निघाला होता, मोटारींचे ब्रेक बनवायच्या नोकरीवर.

"ताई, तिथं सगळं मिळते," तो म्हणाला.

"बादली मिळते का?"

एवढा शिकलेला इंजिनियर, पण बादलीचं विचारायचं सुचलं नव्हतं. मग माझ्यात पापड, तिखट, साडीत गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर असं सगळं कोंबलं, वरून सुतळी आवळली आणि मी विमानात चढले.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातलं ते न्हाणीघर पाहून मला हसू आवरेना. खाली पाय पसरून लोळायला एक पांढरी डोणी आणि वर भिंतीला एक चाळणी. त्या चाळणीखाली उभं राहून अंगावर पाणी शिंपडून घ्यायचं, याला म्हणे तिकडे आंघोळ म्हणतात! भानुदासाने मात्र मला डोणीत ठेवलं, नळ सोडला आणि मगाने भडाभडा पाणी घेतलं. पुढे त्याचं लग्न झालं, बायको उपासना आली, मुलगी मैत्री जन्मली. त्या पोरीची घरातली पहिली आंघोळ माझ्यातल्या कोमट पाण्याने झाली, हे लक्षात ठेवा.

कारण तीच पोर मोठी झाल्यावर काय म्हणू लागली? "डॅड, प्लीज, हाइड द बकेट! माय फ्रेंड्स आर कमिंग." मग तिची आई मला उचलून कपाटात व्हॅक्यूम क्लीनरशेजारी ढकलायची. ऑफिसातले गोरे लोक जेवायला आले तरी तेच. चोरीचा माल असल्यासारखी मी दाराआड बसायची. ज्यांना रोज न्हाऊ घातलं त्यांनाच माझी लाज. वा रे वा!

पुढे मैत्रीने हट्ट करून एक कुत्रा आणला. तपकिरी, लांब कानांचा, अकलेच्या नावाने शून्य. नाव काय ठेवलं, तर वॉफल. न्याहारीच्या पदार्थाचं नाव कुत्र्याला देताना यांना लाज वाटत नाही, माझी मात्र वाटते!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात वॉफलची नसबंदी केली आणि त्याचं अंथरूण कुठं घातलं? माझ्याच न्हाणीघरात. पहिल्या संध्याकाळी तो गुंगीत पडून असा काही कण्हत होता, की जणू जगात ऑपरेशन फक्त याचंच झालंय. भाताला तोंड लावलं नाही, पाणी प्यायला आणि ओकला. मैत्री रडवेली झाली. डॉक्टरीणबाईंनी तर सगळं आधीच सांगून पाठवलं होतं, आणि उपासना ते तिला पुन्हा पुन्हा समजावत होती. पहिल्या दिवशी असं होणारच. नंतर तो एकदम बरा झाल्यासारखा वागेल, पण फसायचं नाही, जखम आत कच्चीच असते. पळू द्यायचं नाही, जिन्यावर उड्या नाहीत, आंघोळ नाही, बाहेर न्यायचं ते पट्टा धरून हळूहळू. थोडी सूज येईल, ती उतरेल. आणि टाके निघेपर्यंत गळ्यातला प्लॅस्टिकचा भोंगा काढायचा नाही, कारण कुत्रं जखम चाटतं आणि चाटून चाटून टाके सोडवतं. इतकी साधी गोष्ट! मी बादली असून मला समजली.

पण त्याच सुमारास मालिनीताई पहिल्यांदाच अमेरिकेला आल्या होत्या. आल्या दिवशी न्हाणीघरात शिरल्या आणि मला पाहून ओरडल्या, "अगं बाई, अजून आहे का ही!" त्यांनी मला उलटी केली आणि बुडावर टकटक वाजवलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मग तो रविवार उजाडला. आसपासची आपली मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला जमायची, आणि या वेळी पाळी आमच्या घराची होती. 'जय भीम, जय भीम' करत बूट निघाले, जाडजाड कोट पलंगावर पडले. बाहेर बर्फ भुरभुरत होता. वंदना झाली, आणि प्रताप काका करुणेवर बोलायला उभे राहिले. हे प्रताप काका म्हणजे भानुदासाच्याच ऑफिसातले, बोलायला लागले की जेवण गार करणारे.

तेवढ्यात मालिनीताई वॉफलला बघायला आत आल्या. त्याला बरं वाटू लागलं होतं, म्हणून त्याचे धंदे चालू झाले होते. भोंगा दारावर आपटायचा, माझ्या डोणीला धडकायचा, पायाने गळा खाजवायचा आणि ताईंकडे केविलवाणे डोळे करून बघायचा. नाटकी कुठला!

"किती तरफडून राहिला बिचारा! मुक्या जनावराच्या गळ्यात काहून घातलं हे?" ताई म्हणाल्या, आणि त्यांनी भोंगा सोडला. तो बैठकीत नेऊन सोफ्यावर ठेवला. येताना स्वयंपाकघरातून वाटीत हळद आणि खोबरेल कालवून आणलं आणि जखमेवर छान लिंपलं. "आता बघ, दोन दिवसांत सुकते."

मी तिथं डोणीत बसून सगळं पाहत होते. ताईंच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! त्या कुत्र्याला बरं वाटावं म्हणून नव्हे हो, स्वतःला बरं वाटावं म्हणून काढला त्यांनी तो भोंगा. माणसांची दया ही अशी असते. डॉक्टरांचं ऐकायचं नाही, आणि वर आपणच प्रेमळ! त्या गेल्या, आणि वॉफलने खोबरेल चाटायला घेतलं. त्याला वाटलं, मेजवानीच मांडलीय.

बाहेर प्रताप काकांचं करुणेवरचं बोलणं संपलं आणि ते दमून सोफ्यावर बसले. कडाड्! भोंग्याच्या ठिकऱ्या.

मैत्री आत आली आणि किंचाळली. दोन टाके सुटले होते, रक्त येत होतं, आणि हळदीने सगळं पिवळं झाल्यामुळे लाल कुठवर आहे तेच कळेना. पाहुण्यांनी भराभर कोट चढवले, कारण बर्फ आता जोरात पडत होता. ती मंडळी कशीबशी निघाली. त्यांच्यामागून भानुदास वॉफलला डॉक्टरकडे न्यायला गाडी काढायला गेला, तर गाडी अंगणातच रुतली. रस्ता साफ करणारं वाहन काही सकाळशिवाय यायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाई फोनवर भेटल्या. तेल ओल्या फडक्याने हलकेच पुसा, स्वच्छ कापड दाबून धरा, रक्त थांबेल. रस्ता उघडला की घेऊन या. पण तोवर त्याला एकदाही चाटू देऊ नका. उरलेले टाके सुटले तर जखम सगळी उघडी पडेल, आणि मग काही सांगता येणार नाही.

रक्त थांबलं. पण चाटणं कसं थांबवणार? टॉवेल गुंडाळला, तो त्याने ओढून काढला. भानुदासाचा बनियन चढवला, तो फाडला. मैत्री दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसली. हात भरून आले तरी सोडेना. "आत्या, ही इज गॉना डाय," ती म्हणाली, आणि ताईंचा चेहरा उतरला.

उपासना फोन धरून उभी होती. तिकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि तिने फोनवर हात ठेवला.

"काय म्हणतात?" भानुदासाने विचारलं.

"घरात बादली आहे का, म्हणतात. बुड कापून गळ्यात घाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अमेरिकेतल्या कुठल्याही घरात विचारलं असतं तर शोधाशोध झाली असती. इथं मी समोरच बसले होते.

"ती नको," भानुदास म्हणाला. "ताईने दिलेली आहे. दुसरं काहीतरी बघू."

"काप," मालिनीताई म्हणाल्या.

"ताई, अगं..."

"काप म्हणते ना! भोंगा मी काढला, तर बादली माझी जाईल. लेकराचं कुत्रं जाऊ देऊ का?"

ज्या बाईने माझं बुड वाजवून मला पसंत केलं, तीच ते कापा म्हणाली! भानुदासाने गॅरेजमधून करवत आणली. दिवसभर ब्रेकची मापं काढणारा माणूस, पण मला कापण्याआधी त्याने तेच माप तीनदा घेतलं. कडी काढली, बुड गेलं. कापलेल्या कडेला टॉवेलची पट्टी लावली, भोकं पाडून ताईंच्या परकराची नाडी ओवली आणि मी त्या केसाळ गाढवाच्या गळ्यात पडले.

शी! काय त्याच्या तोंडाचा वास! त्याने मान वळवून जखमेकडे जायचा प्रयत्न केला आणि माझ्यावर आपटला. दुसऱ्या बाजूने आपटला. शेवटी नाइलाजाने मलाच चाटत बसला. आयुष्यभर स्वच्छ पाणी धरलं मी, आणि शेवटी कुत्र्याची लाळ. पण मी एक इंचही सरकले नाही. सीताबर्डीचा माल आहे, तुमच्या त्या भोंग्यासारखा कुणी बसलं म्हणून फुटणारा नाही.

सकाळी रस्ता उघडला. डॉक्टरीणबाईंनी सुटलेले दोन टाके पुन्हा घातले, बाकीचे शाबूत होते. हळदीबद्दल त्या पुष्कळ बोलल्या. मालिनीताई, ज्यांच्यासमोर वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या मान खाली घालून म्हणाल्या, "सॉरी, डॉक्टर." मग बाईंनी मला चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्या भोंग्यापेक्षा हेच मजबूत आहे, राहू द्या. त्यांना तरी पारख होती.

त्याला फिरवायला न्यायचं मैत्रीकडे होतं. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर तिच्या वर्गातली पोरं स्कूलबसमधून उतरली. ज्यांच्यासाठी मला कपाटात कोंबायचे, तीच ही पोरं. वॉफलच्या डोक्याभोवती मला बघून ती पोट धरून हसायला लागली. "व्हॉट इज दॅट थिंग?"

मला वाटलं, झालं. आता ही म्हणणार, डॉक्टरांनी दिलंय. नाहीतर म्हणणार, रस्त्यात सापडलं.

मैत्रीचे कान लाल झाले. पट्टा घट्ट धरून ती म्हणाली, "दॅट्स अवर बकेट. माय आत्या गेव्ह इट टू माय डॅड. इट्स फ्रॉम नागपूर. वी टेक बाथ्स विथ इट."

पोरं जवळ आली. एकाने विचारलं, हात लावू का? तिने लावू दिला.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण सांगते. मला बुड असतं, तर त्या दिवशी मी काठोकाठ भरले असते.

टाके निघाले, मी गळ्यातून सुटले. मालिनीताई परत जाण्याआधी दुकानात गेल्या आणि न्हाणीघरासाठी नवी लाल बादली घेऊन आल्या. बुड वाजवून "पातळ आहे" म्हणाल्या, पण घेतली. मी आता मागच्या अंगणात असते, टोमॅटोच्या रोपाभोवती, सशांपासून राखण करायला. नसबंदी झाली की कुत्रा सुधारतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो नालायक अजून माझ्यावरच तंगडी वर करतो.

तर मित्रांनो, तुम्हाला फार दया आली तर हात मागे बांधून उभे राहा. डॉक्टरांनी घातलेलं काढू नका, जखमेला तेल लावू नका, आणि सोफ्यावर बसण्याआधी खाली बघा. आणि हो, परवा या घरी गोरे पाहुणे आले होते. मी अंगणातून खिडकीवाटे पाहिलं. न्हाणीघराचं दार उघडं होतं, आणि ती लाल बादली डोणीत जागच्या जागी बसली होती. तिला कुणी हलवलं नव्हतं.