क्सावेरीच्या काखेतला शब्दकोश

मित्रांनो, माझ्या पोटात हजारो शब्द आहेत, पण ज्याच्या हाती मी पडलो त्याला त्यातले चारदोनसुद्धा पेलले नाहीत. मी एक जुना पोलिश-इंग्रजी शब्दकोश आहे आणि स्वभावाने जरा चिडका आहे.

वॉर्साच्या छापखान्यात माझा जन्म झाला. भेकडपणाचे आणि लाजेचे शब्द जुळवताना तिथल्या पंडितांच्या नाकी नऊ आले होते. आम्हा पोलिश लोकांत मनाला आतून टोचते ती लाज वेगळी आणि चारचौघांत तोंडाला काळे फासते ती बेअब्रू वेगळी. इंग्रज दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि चहा निवला तरी तोच शब्द हळहळून म्हणतात! उलट आमचा 'त्खूश' हा शब्द घ्या. पहिला अर्थ, मुंगसाएवढा घाणेरड्या वासाचा एक रानटी प्राणी. दुसरा अर्थ, भेकड माणूस.

क्सावेरीला मी त्याच्या आईने घेऊन दिला. तो हुशार होता, खोटे कशाला बोलू? इंग्रजी शिकून तो गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यात दुभाषा झाला. कारखाना एका इंग्रज साहेबाचा होता. मला काखेत मारून तो असा ऐटीत चाले, की बायका म्हणत, "बघा, निघाले पंडित!" 'आभार', 'फायदा', 'होय साहेब' ही पाने त्याने हाताळून काळी केली. लाजेचे पान मात्र करकरीत राहिले. मला त्याची किळस येई.

त्याचा थोरला भाऊ लुत्सियान त्याच कारखान्यात करवतीवर होता. काम झटपट व्हावे म्हणून मॅनेजरने करवतीवरची लोखंडी जाळी काढायला लावली आणि लुत्सियानची दोन बोटे गेली. "दारू पिऊन आला होता," असे मॅनेजरने जाहीर केले आणि त्याला कामावरून काढले. लुत्सियानने जन्मात दारूला हात लावलेला नव्हता, हे क्सावेरीला पक्के ठाऊक होते. तरी तो गप्प बसला. मॅनेजरची मर्जी कोण घालवणार?

पुढे साहेब पाहणीला आले. जेवणघरात सगळे आंबट पिठाचे सूप ओरपत होते. लुत्सियानची बायको याद्विगा तिथेच रंगकामावर होती. ती नवऱ्याला हाताला धरून थेट साहेबांपुढे घेऊन आली.

"भावोजी, सांगा यांना! जाळी काढली या मॅनेजरने आणि आता खापर फोडतोय माझ्या नवऱ्यावर. त्खूश आहे हा, त्खूश!"

मॅनेजर क्सावेरीकडे रोखून बघत होता. क्सावेरीने मला उघडले, त्या शब्दापर्यंत बोट नेले आणि पहिल्याच अर्थावर थांबवले.

"साहेब, ही म्हणतेय, कारखान्यात एक रानटी प्राणी शिरलाय."

साहेबांनी हसून नाक दाबले. ते बघताच याद्विगाला काय ते कळले. तिने मला त्याच्या हातातून हिसकावले.

"प्राणी? अरे, प्राणी सांगतोस होय? वाचा साहेब, हा दुसरा वाचा!" रंगाने माखलेले तिचे एक बोट दुसऱ्या अर्थावर टेकले, दुसऱ्या हाताचे मॅनेजरवर रोखले.

साहेबांनी वाचले आणि त्यांचे हसू मावळले. त्यांनी आधी मॅनेजरकडे पाहिले, मग लुत्सियानच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे. अपघाताची मॅनेजरने सांगितलेली हकिकत त्यांना ठाऊक होती. ते क्सावेरीला म्हणाले, "हा तुझा भाऊ ना? मग तूच सांग, हा त्या दिवशी प्यायला होता का?" अंगठा तोंडाकडे नेऊन त्यांनी खूणही केली, त्यामुळे प्रश्न सगळ्यांनाच समजला.

चमचे थांबले. क्सावेरीने मला परत हातात घेतले आणि पाने उलटू लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"शब्द... शब्द सापडत नाहीये, साहेब."

मित्रांनो, कोणता शब्द? 'नाही'! दोन्ही भाषांत इवलासा आणि दोन्ही भाषांत एकाच अक्षराने सुरू होणारा. बोलायला लागलेल्या पोरालाही तो येतो.

शेवटी लुत्सियानच म्हणाला, "ठेव रे ते पुस्तक. नाही सापडायचं तुला."

करवत स्वतः जाऊन पाहिल्यावर साहेबांनी जाळी परत बसवायला लावली. पण सख्खा भाऊच साक्ष देईना, म्हणून लुत्सियानला काही कामावर घेतले नाही. क्सावेरी मला मेजावर टाकून गेला, तो न्यायला आलाच नाही. हल्ली माझ्यावर सुपाचे गरम पातेले ठेवतात. मला त्याचे दुःख नाही, त्या काखेपेक्षा हे बरे.

मित्रांनो, मला पुठ्ठा घालू नका, धूळ झटकली नाही तरी चालेल. एवढेच करा. कुणासाठी 'नाही' म्हणायची वेळ आली, तर मला उघडू नका.