मामांचा खोकला

“अहो, हा तुमचा शाळेतला नेहमीचा खोकला नाही,” बायको म्हणाली. “हा छातीतून येतोय. आज शाळेत जाऊ नका.”

“नेहमीचाच आहे,” मामा म्हणाले आणि पुढचं वाक्य खोकल्यातच बुडालं.

शनिवारची सकाळ होती. मामांनी शर्ट चढवला, बटणं लावता लावता दोनदा खोकले आणि बायकोने पुढे केलेला काढ्याचा पेला निमूटपणे तोंडाला लावला. ह्या काढ्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. बावीस वर्षं ते तो पीत होते, आणि गंमत म्हणजे ह्या बावीस वर्षांत त्यांना खोकला असा झालाच नव्हता. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा झाला.

मामा एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. द्रावणं करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, काचेची भांडी धुऊन पुसून जागच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्या हातून कधी परीक्षानळी फुटली नव्हती असं नाही, पण चुकीची चिठ्ठी मात्र एकदाही लागली नव्हती. त्याचा त्यांना इतका अभिमान होता की नव्या शिक्षकांना ते पहिल्याच दिवशी बोलता बोलता सांगून टाकायचे.

ह्या सगळ्याखेरीज त्यांचं आणखी एक काम होतं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं आणि रसायनशास्त्र शिकवणारे सर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते काम म्हणजे खोकणं.

सर शाळेत लागले त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. वर्गासमोर प्रयोग चालला होता, फ्लास्कमधलं पाणी चांगलं गुलाबी झालं होतं, आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘अजून रंगहीन’. मुलांचं लक्ष जायच्या आत मामांनी फडक्याने फळा पुसून टाकला, जणू काही पुसायची वेळच झाली होती. तास संपल्यावर सर खुर्चीत मान घालून बसले. मामा म्हणाले, “सर, माझ्या थोरल्या भावाला असंच आहे. पिकला टोमॅटो कुठला नि कच्चा कुठला, त्याला हाताने चाचपून बघावं लागतं. पण बागेतलं काम फक्कड करतो.” ज्याला लाल, हिरवा, गुलाबी हे रंग दिसत नाहीत असा रसायनशास्त्राचा शिक्षक कोण ठेवून घेणार, ही सरांची धास्ती मामांना न सांगताच कळली. पुढच्या प्रयोगाच्या वेळी रंग बदलला तसे मामा मागून खोकले. सरांनी औषध सोडणारी तोटी बंद केली. झालं. त्यानंतर दोघांमध्ये ह्या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नाही.

खोकला मात्र शाळाभर गाजला. आधीच्या मुख्याध्यापकांनी एकदा काळजीपोटी मामांना छातीचा फोटो काढायला धाडलं होतं, आणि मामा बिचारे जाऊन काढूनही आले. घरी बायको विचारायची, “शाळेत एवढे खोकता म्हणतात, मग घरी कसे खोकत नाही?” मामा सांगायचे, “तिथल्या औषधांचा वास.” मग काढा सुरू झाला. सरांचं गुपित बायकोलाही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तेव्हा काढा पिणं भागच होतं.

आणि आज खरा खोकला घेऊन ते शाळेला निघाले होते. एरवी त्यांनी रजा टाकली असती तर सरांनी प्रयोग पुढे ढकलून पुस्तकातला धडा घेतला असता. आजचं तसं नव्हतं. सरांचा शनिवारचा गमतीच्या प्रयोगांचा तास साऱ्या शाळेत लाडका होता, आणि आज होती ‘आंबट स्पर्धा’. शिवाय मोठ्या बाई, म्हणजे ह्याच वर्षी आलेल्या मुख्याध्यापिका, तास बघायला येणार होत्या.

मामांचा बेत साधा होता. लवकर जायचं आणि सरांच्या कानावर घालायचं, की आज माझ्या खोकल्यावर विसंबू नका. पण प्रयोगशाळेत शिरतात तो मोठ्या बाई सरांशेजारी येऊन बसलेल्या. सर उत्साहाने त्यांना स्पर्धेचे नियम समजावत होते. मामांनी दारातून एक हात हलवला. सरांनीही हसून हात हलवला.

नियम सोपे होते. प्रत्येक गटाने घरून एक आंबट वस्तू आणायची. तिचा रस गाळून, दोन मिलिलिटर मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचा, वर पाणी घालायचं आणि रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे तीन थेंब टाकायचे. मग उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, त्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंब थेंब सोडायचं. आंबटपणा संपला की पाणी एकदम गुलाबी होतं. ज्याच्या रसाला सर्वांत जास्त सोडा लागेल तो जिंकला. पिळणं, गाळणं, मोजणं सगळं मुलांनी करायचं. सोडा मात्र सर सोडणार, त्यांच्या टेबलावर, सर्वांसमोर.

वर्गात नुसता गोंधळ माजला होता. एकाने संत्रं पिळताना शेजाऱ्याच्या डोळ्यात उडवलं. एक गट दह्याचं पाणी फडक्यातून गाळत होता आणि अर्धं दही टेबलावर होतं. मामा टेबलांमधून फिरत होते, रस मोजायची पिपेट धरायला शिकवत होते, जिभेखाली खोकल्याची गोळी धरून मोजका श्वास घेत होते.

पहिल्या तीन फेऱ्या निभावल्या. दह्याचं पाणी तीनच्या आत गारद झालं. संत्रं चारवर. व्हिनेगरने मात्र एकवीस मिलिलिटर सोडा पचवला आणि त्या गटाने बाकं बडवली. दर वेळी रंग आला की मामा एकदाच, हलकेच खोकले, आणि उरलेला खोकला घशातच दाबून डोळ्यांत पाणी आणून उभे राहिले.

मग लिंबू आलं. ते आणलं होतं शेवटच्या बाकावरच्या एका उंच मुलीने. वर्गात तिला वकीलबाई म्हणत, कारण एका गुणासाठी ती शिक्षकांशी आठवडाभर भांडू शकत असे. लिंबू तिच्या अंगणातल्या झाडाचं होतं, रस तिने स्वतः मोजला होता, आणि फ्लास्कवर डोळे रोखून ती टेबलाशी उभी होती.

“पाच... सहा...” वर्ग मोजत होता. “सात... आठ...”

मामांच्या गोळीचा शेवटचा कण विरघळला. त्यांनी तोंडावर हात धरला, श्वास रोखला, छताकडे बघितलं. पण खोकला कुणाच्या बापाचं ऐकतो? तो आलाच, आणि चांगला खणखणीत आला.

सरांनी तोटी बंद केली. “नऊ! संपलं लिंबू.”

“सर, कुठे?” वकीलबाई म्हणाली. “पांढरंच आहे की.”

“नीट बघ. रंग आलाय.”

“नाही आला, सर.”

सरांनी फ्लास्ककडे पाहिलं. त्यांना तो व्हिनेगरच्या फ्लास्कसारखाच दिसला. लिंबाने व्हिनेगरच्या निम्म्यातही दम सोडावा हे त्यांनाही पटत नसावं. पण बावीस वर्षांत तो खोकला एकदाही खोटा ठरला नव्हता, आणि समोरच्या पंचेचाळीस पोरांपेक्षा त्यांचा त्या एका आवाजावर जास्त भरवसा होता. “लिंबू जुनं असेल,” ते म्हणाले.

“सकाळी काढलंय झाडावरून!” पोरीचा आवाज चढला. मागे कुणीतरी हसलं. मग मोठ्या बाई उठून पुढे आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, “सर, मलाही पांढरंच दिसतंय.”

तेवढ्यात मामा पुन्हा खोकले. आणि पुन्हा. थांबेनात. सरांनी मामांकडे वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा नूरच पालटला. आता त्यांना कळलं होतं.

मामा पुढे झाले. “बाई, माझी चूक आहे. बाटलीची चिठ्ठी चुकली माझ्याकडून. चार दिवस तब्येत बरी नाही, सोड्याची बाटली बदलली असणार, म्हणून रंग येऊन लगेच गेला. सरांचा काही दोष नाही.”

मोठ्या बाईंचा चेहरा कठोर झाला. “चिठ्ठी चुकली? मामा, मुलांच्या हातात भलतंच काही गेलं असतं म्हणजे?”

“हो, बाई.”

“हे मला लेखी लागेल.”

“देतो, बाई.”

मामांनी मान खाली घातली. बावीस वर्षांचा अभिमान त्यांनी एका वाक्यात देऊन टाकला होता, आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा तो जड गेला. वाईट वाटलं. पण सर वाचले, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

“मामा, गप्प बसा,” सर म्हणाले.

असं ते मामांशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी फ्लास्क खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले. “बाई, ह्यांची चिठ्ठी चुकलेली नाही. बावीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. मला गुलाबी रंग दिसत नाही. लाल, हिरवा, तेही नीट कळत नाहीत. रंग आला की मामा खोकतात, मग मी थांबतो. आज त्यांना खरा खोकला झालाय.”

सर फळ्याला टेकून उभे होते. एका वाक्यात नोकरी, मान, सगळंच गेलं अशी त्यांची मुद्रा होती. मामांना त्यांच्याकडे बघवेना.

“सर,” पुढच्या बाकावरून एकाने विचारलं, “मग तुम्ही सिग्नलला काय करता?”

“वरचा लागला की थांबतो. खालचा लागला की निघतो.”

“आणि आडवा सिग्नल असला तर?”

“पुढची गाडी काय करते ते बघतो.”

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, आणि सरांनाही हसू आलं. त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. सर, माझी पेन्सिल कुठल्या रंगाची? सर, आमच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका तुम्हाला लाल दिसतच नाहीत? “लाल शाई मला काळीच दिसते,” सर म्हणाले, “त्यामुळे तुमच्या चुका मला फार गंभीर वाटतात.”

वकीलबाई मात्र हसत नव्हती. “ते सगळं ठीक आहे, सर. माझ्या लिंबाचं काय?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. “बरोबर आहे तिचं. सर, आधी लिंबाचा निकाल लावा. लेखी काही नको मला.” मग मामांकडे वळून म्हणाल्या, “आणि मामा, बाटल्यांबद्दल खोटं बोलायचं नाही पुन्हा. माझा जीव गेला होता.”

सरांनी तोटी वकीलबाईच्या हातात दिली. “मी फ्लास्क हलवतो. रंग तू बघ.” पोरीने ओठ आवळले आणि सोडा सोडायला सुरुवात केली. अठरा. वीस. व्हिनेगरवाले उभे राहिले. बावीस. तेवीस. आता ती एकेक थेंब सोडत होती. मामांनाही फ्लास्कच्या तळाशी रंगाची चाहूल लागली आणि सवयीने घशात खोकला जमला.

“गुलाबी!” सगळा वर्ग एका आवाजात ओरडला.

तोटी बंद झाली. मामांचा खोकला घशातच राहिला. सरांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नव्हती. मामांना फार हलकं वाटलं. आणि आत कुठेतरी थोडं ओकंओकंही वाटलं, हेही खरं.

शाळा सुटल्यावर मामा भांडी धुवायला बसले. सर कधी नव्हे ते थांबले, बाह्या दुमडून पुसायला घेतली.

“सोमवारी येऊ नका,” सर म्हणाले. “चांगले चार दिवस रजा घ्या.”

“सोमवारी दहावीचं प्रॅक्टिकल आहे.”

“पोरं सांगतील मला.”

मामांनी लिंबाचा फ्लास्क हातात घेतला, खिडकीकडे धरला. “हा बघा, सर. म्हणजे, मी सांगतो. सगळ्यांत फिका आहे. एका थेंबावर थांबवलाय पोरीने. इतका नेमका तुमचा-माझा कधी जमला नाही.”

“फिका गुलाबी म्हणजे कसा?”

मामा विचारात पडले. बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त खोकायचं तेवढं केलं होतं. “लहान मूल झोपेतून उठलं की गाल असतात ना,” ते चाचरत म्हणाले, “तसा.”

“ऊबदार.”

“हां. ऊबदार. पण हा टिकत नाही, सर. हवा लागली की जातो.”

सर शेजारी येऊन उभे राहिले. दोघेही त्या फ्लास्ककडे बघत राहिले. बाहेर शिपायाने व्हरांड्याच्या खिडक्या एकेक करून लावत आणल्या.

“गेला?” सरांनी विचारलं.

“आहे अजून.”

थोड्या वेळाने मामा म्हणाले, “गेला,” आणि त्यांनी फ्लास्क नळाखाली धरला.