थोरल्याच्या बागेत गारा पडल्याच नाहीत

धाकट्याचा कुणावरच विश्वास नव्हता. दुकानदाराने सुटे पैसे परत दिले तरी नाणी उलटीसुलटी करून बघणारा माणूस. त्यामुळे गारपिटीच्या पाहणीला आलेला साहेब "तुमची मदत अडकणार" म्हणाला, तेव्हा त्याला सगळ्यात आधी थोरल्या भावाचाच संशय आला. आणि नेमका या वेळी तो खरा निघाला.

"शेजारच्या बागेत नुकसान शून्य," साहेब म्हणाला. "तुमच्या दादांनी तशी सही दिलीय. मध्ये नुसतं कुंपण. गारा काय कुंपण बघून पडतात?"

"माझी संत्री दिसतायत ना खाली?"

"फळ किडीनंही गळतं. उद्या येतो, तेव्हाच काय ते ठरवू."

सरकारी मदत मिळाली नाही, तर झाडं जगवायला धाकट्याकडे दुसरं काहीच नव्हतं. बाग हातची जाणार होती.

"दादानं बरोबर पाचर मारली," तो बायकोला म्हणाला. "साहेबाला चहा पाजून मला खोटं पाडलं."

"मग विचारा की जाऊन."

"खोटंच सांगेल."

"धन्य आहे. तुम्ही आरशातल्या माणसालासुद्धा ओळखपत्र मागाल."

दुपारी तो कुंपणातून पलीकडे शिरला. रस्त्याकडच्या दोन ओळी लख्ख झाडलेल्या होत्या. साहेबाला तेवढ्याच दाखवल्या असणार. मागे सगळा आनंदीआनंद होता. फांद्या मोडलेल्या, साली सोलवटलेल्या, आणि थोरला घामाघूम होऊन सडकी संत्री खड्ड्यात लोटत होता.

"उद्या गिऱ्हाईक येतंय," थोरला मान वर न करता म्हणाला.

"या सडक्या संत्र्यांना?"

"बागेला."

म्हणजे बाग विकून दादा जाणार होता, आणि सख्ख्या भावाला पत्ता नव्हता.

"मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू आधी विचारलं असतंस, कितीला विकतोस."

विचारलं असतं.

"नुकसानीची नोंद झाली की भाव कोसळतो," थोरला म्हणाला. "उद्याचा दिवस कळ काढ."

"आणि माझी मदत?"

थोरल्याने खड्ड्यावर माती ओढायला सुरुवात केली. धाकट्याला राग आला आणि रडूही आलं. त्यातलं आधी काय आलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी थोरला गिऱ्हाइकाला पुढच्या ओळी दाखवत असतानाच साहेब आला. धाकट्याने त्याला काही न बोलता कुंपणातून थेट खड्ड्यापाशी नेलं आणि फावड्याने माती बाजूला केली. वासासरशी साहेबाने नाकाला रुमाल लावला. गिऱ्हाईक मागोमाग आलं आणि खड्डा बघताच गाडीत बसून निघूनच गेलं. थोरला जागचा हलला नाही.

साहेबाने दोन्ही बागांचं नुकसान लिहून घेतलं. यथावकाश मदत दोघांनाही मिळाली. थोरल्याने मात्र धाकट्याशी बोलणं टाकलं. समोर आला की वाट बदलायचा.

मग एका संध्याकाळी तो आपणहून कुंपणाशी आला.

"खरं सांग. तो खड्डा मदतीसाठी उकरलास, की मी जाऊ नये म्हणून?"

"तू जाऊ नयेस म्हणून, दादा."

थोरल्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याला ते पटलं. त्याने कुंपणावरून हात घालून धाकट्याचा खांदा दाबला आणि घराकडे वळला.

धाकटा तिथेच उभा राहिला. त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं.