बाहीचा कल

बिल्ल्याची सेफ्टी पिन खांद्याशी तिरकी बसली होती. शिवणाच्या बाईंनी ती काढून सरळ लावली, मान वाकडी करून पाहिली, पुन्हा काढली. बिल्ल्यावर लिहिलं होतं 'प्रशिक्षणार्थी'... एकोणीस वर्षं मुलींना शिवण शिकवून आज प्रशिक्षणार्थी, तेही सक्तीनं! शिक्षकांच्या या प्रशिक्षणातली पाच वाजताची हजेरीची सही चुकली तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर पुढच्या वर्षी वर्ग नाही.

आणि टेलर मास्तर उद्या लेकीकडे कायमचे निघाले होते.

त्यांच्या दुकानात बाई दर गुरुवारी आपण होऊन शिकायला जायच्या. ना त्याची नोंद, ना हजेरी. गेल्या गुरुवारी मास्तरांनी बाईंनी लावलेली कोटाची बाही हातावर घेऊन नुसती फिरवली.

"शिलाई देखणी आहे हो बाई. पण माणसाचा हात असा लोंबतो, थोडा पुढे. तुमची बाही कवायतीला उभी आहे."

बाई खळखळून हसल्या, आणि घरी पोचेपर्यंत ते हसू कुठंतरी गळून पडलं—एकोणीस तुकड्या! एवढ्या पोरी माझी बाही शिकून जगात गेल्या, कुणाकुणाच्या खांद्यांना ती ओढत असेल...

"आज चारला या," मास्तर सकाळी फोनवर म्हणाले होते, "बाहीचा कल कसा धरायचा ते दाखवतो. डोळे आहेत तोवर."

समोर कागद आला : 'माझी एक उणीव'. बाईंनी लिहिलं—बाही लावता येत नाही.

शेजारचे सुतारकामाचे सर डोकावले. "अहो, 'वेळेचं नियोजन' लिहा. मी तीन वर्षं तेच लिहितोय."

प्रशिक्षण देणारी मुलगी कागद वाचून थबकली. "मॅडम, हे कुठल्या रकान्यात घालू?"

"घालू नका. मला चारला सोडा."

"मला अधिकार नाही हो..." मुलीनं आवाज खाली आणला. "मलासुद्धा इथं सक्तीनंच पाठवलंय."

बोलता बोलता तिनं आपल्या जाकिटाची बाही खाली ओढली, आणि बाईंचा सकाळपासूनचा राग विरघळला. पाठीमागे, मुंढ्याशी, बाही खांद्याला जोडते तिथे, सुरकुत्यांचा केवढा गुंता! लेकराला दिवसभर काचत असणार.

"हात जरा सैल सोड बघू."

मुलीनं गोंधळून सोडला. बाई पाहत राहिल्या. हे बिघडलंय एवढं दिसत होतं. नीट कसं करायचं, ते नव्हतं येत.

चारला दहा कमी होते. उठावं की बसावं, काही ठरत नव्हतं. पण आपल्याला येत नाही, हे आठवडाभर शरमेसारखं सलणारं वाक्य आता पोटात भुकेसारखं जागं झालं होतं, आणि किती वर्षांनी अशी भूक लागली, ते काही केल्या आठवेना...