हिनं भरलेलं पाणी

बेकरीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि उस्तादांचा एकच धर्म होता. खमीराचं, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबवणाचं, भांडं कधी रिकामं करायचं नाही. रोज पहाटे त्यातलं पिठात घालायचं, तळाशी मूठभर राखायचं, वर ताजं पीठ-पाणी घालून झाकून ठेवायचं. ते भांडं उस्तादांच्याही आधीपासून बेकरीत होतं. एकदा एका नवख्यानं ते घासूनपुसून लख्ख केलं, तर उस्ताद त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. खमीराच्या बाबतीत ते बरोबरच होतं म्हणा. पण माणसाला एक विद्या आली की तो ती नको तिथंही लावतो, त्याला कोण काय करणार?

बायको गेली त्याला पाच महिने झाले होते. उस्ताद नेहमीप्रमाणे पहाटे चारला कामावर गेले होते, सहाच्या सुमारास ती स्वयंपाकघरात पडली, आणि शेजारणीचा फोन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी बेकरी सोडली. घरी बसले. पहिल्याच दिवशी पलंगाशेजारच्या टेबलावर त्यांना ते यंत्र दिसलं. हवेत ओलावा सोडणारं, ह्युमिडिफायर म्हणतात ते. थंडीत हिटर लावला की घरातली हवा खडखडीत कोरडी व्हायची, म्हणून हिनं दोन वर्षांपूर्वी आणलेलं. त्याच्या फुसफुस आवाजावरून ही त्याला फुसफुश्या म्हणायची. त्याची टाकी अर्धी भरलेली होती. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी हिनंच भरलेली.

हिची लुगडी नातेवाईक घेऊन गेले, चष्मा लेकीनं नेला, पण हे पाणी हिनं स्वतःच्या हातानं भरलेलं होतं. ते उस्ताद ओततील? छे! त्यांनी ते राखलं. संध्याकाळी फुसफुश्या चालू करायचा, सकाळी तळाशी उरलेल्यावर ताजं पाणी घालायचं. टाकी पुरती रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्यातलं थोडं नव्यात, नव्यातलं थोडं उद्याच्यात. हिशोबानं पाहिलं तर महिन्याभरात हिचं पाणी थेंबभरही उरलं नसेल, पण खमीर सांभाळलेल्या माणसाला असला हिशोब सांगून पाहा. तो म्हणेल, थेंब पुरतो.

आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या आवाजाची सोबत होती. एवढ्या घरात हालचाल करणारं दुसरं होतंच काय? मग ते यंत्र दिवसाही चालू राहायला लागलं. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. काचांवरून पाणी ओघळायला लागलं. कपाटामागे भिंत काळी पडली. टेबलावर पांढरी भुकटी साचायची. उस्ताद ती बोटानं पुसून जिभेला लावायचे, सवयीनं. पीठ नव्हतं. नळाच्या पाण्यातला क्षार होता, पण ते त्यांना कोण सांगणार?

खोकला सुरू झाला तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळचा बारीक ताप. जिना चढताना धाप. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, औषध दिलं, उपयोग शून्य. लेकीनं हट्टानं आठ दिवस आपल्याकडे नेलं, तर तिसऱ्या दिवशी खोकला गायब! घरी परतले, आणि दोन रात्रींत पुन्हा जैसे थे.

"तुमच्या घरातच काहीतरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओल आहे का? एअर कूलर, ह्युमिडिफायर, पाण्यावर चालणारं काही?"

"नाही बुवा," उस्ताद म्हणाले. धडधडीत खोटं! छप्पन्न वर्षं उलटलेला, पांढऱ्या केसांचा माणूस डॉक्टरसमोर शाळकरी पोरासारखा खोटं बोलला. कारण पुढचं वाक्य काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. ओतून टाका. आणि ते तर मरेपर्यंत होणं नव्हतं.

बाईंनी डोळे बारीक केले. "फुप्फुसं आयुष्यभर पिठानं आधीच बेजार झालीत तुमची. आणखी एक हिवाळा असाच काढलात तर मग माझ्याकडे येऊ नका, थेट इस्पितळात भरती व्हा." आणि त्यांनी उस्तादांच्या देखत लेकीला फोन लावला.

शनिवारी लेक मुक्कामाला आली. उस्तादांनी ताकास तूर लागू दिली नाही. फुसफुश्या कपाटात दडवला, वरून चादर टाकली. पण संध्याकाळी तो आवाज नाही म्हणताना घर कसं खायला उठलं. लेक बाहेरच्या खोलीत झोपायला गेल्यावर त्यांनी हळूच यंत्र काढून चालू केलं, आणि दार उघडं राहिलं.

सकाळी लेक खोकत खोकत आत आली. डोळे लाल. "बाबा, घसा कशानं धरला माझा?" मग तिला टेबलावरचं यंत्र दिसलं. तिनं टाकी उचलली, झाकण काढलं, आत हात घातला आणि शी करून बाहेर काढला. बोटांना गुलाबी बुळबुळीत थर.

"हात लावू नकोस!" उस्ताद ओरडले. असं ते लेकीवर कधी ओरडले नव्हते. "ठेव ते. ठेव म्हणतो ना!"

"बाबा, हे सडलंय. हेच सगळं तुम्ही रोज छातीत घेताय!"

"हिनं भरलंय ते," उस्ताद म्हणाले. "शेवटचं. हिच्या हातचं. मी ओतलेलं नाही. एक दिवस नाही."

लेक टाकी हातात धरून पलंगावर बसली.

"हे कुणासाठी आणलं होतं, ठाऊक आहे?"

"तिच्यासाठी. घसा कोरडा पडायचा तिचा."

"तुमच्यासाठी, बाबा. पीठ खाऊन खाऊन तुम्ही रात्रभर खोकायचात. मी होते ना दुकानात तिच्यासोबत. दुकानदार रंगीत दिव्याचं दाखवतोय, सुगंधाचं तेल घालायचं दाखवतोय, गरम वाफेचं दाखवतोय. आई म्हणाली, गरम नको, हे पहाटे अंधारात उठतात, धक्का लागला तर भाजतील. तेलाचंही नको, ते यांच्या छातीला झेपणार नाही. आणि मग प्रत्येक टाकीत हात घालून बघत बसली. दुकानदार वैतागला. म्हणाला, बाई, काय शोधताय? ही म्हणाली, घासायला हात आत जातो का ते बघतेय."

उस्तादांनी टाकीच्या रुंद तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही चारला गेलात की ती टाकी ओतायची. रोज. धुवायची, पुसायची, दिवसभर उपडी ठेवायची. आठवड्यातून एकदा व्हिनेगर घालून घासायची, मग तीनदा खळबळून काढायची. भरायची ती क्षार काढलेल्या पाण्यानं, तो कॅन मोरीत असायचा. काचेवर ओल दिसली की यंत्र बंद. मला फोनवर म्हणायची, शिळं पाणी ह्यांच्या पोटात नाही गेलं तरी छातीत जाईल."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही घरी यायचात तेव्हा सगळं आवरलेलं असायचं. ती पडली तेव्हा तेच करायला उठली असेल." लेकीनं टाकी त्यांच्यापुढे धरली. "बाबा, हे पाणी तिनं भरलं होतं, हे खरं. पण त्या सकाळी तिनं ते ओतलंच असतं."

उस्तादांना एकदम रडू कोसळलं. ते पाच महिने रडले नव्हते असं नाही, पण हे निराळं होतं. ज्या पाण्यापासून ती त्यांना रोज वाचवत होती, तेच त्यांनी तिचं म्हणून उराशी धरलं होतं. लेक टाकी घेऊन उठायला लागली, तर त्यांनी मान हलवून ती तिच्या हातून घेतली. स्वतः मोरीत गेले. टाकी तिरकी केली. पाणी गढूळ होतं, दोन क्षणांत गेलं. मग त्यांनी आत हात घातला. पीठ मळून मळून चपटा झालेला त्यांचा पंजा मनगटापर्यंत सहज आत गेला, आणि वर घासणी मावेल एवढी जागा उरली. हिनं आपला हात घालून पाहिला होता, पण मोजलेली जागा यांच्या हाताची होती का? कोण जाणे. विचारायला माणूस नव्हतं.

दुपारी लेकीनं खिडक्या उघडल्या, कपाट ओढून भिंत पुसली, नवा कॅन आणून दिला, आणि चारच्या गाडीनं गेली. जाताना दारात म्हणाली, "उद्या फोन करते." उस्ताद म्हणाले, "कर." दार लावल्यावर घर पुन्हा तेवढंच रिकामं झालं. संध्याकाळी त्यांनी ताजं पाणी भरलं. त्यात हिचं काही नव्हतं. झोप लागायला वेळ लागला, पण खोकला कमी आला.

पहाटे चारला, कुठंही जायचं नसताना, त्यांना जाग आली. ते उठले, टाकी मोरीत नेली आणि उरलेलं सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, सोडून दिलं.

"ओतलं गं," ते मोठ्यानं म्हणाले, आणि टाकी उपडी घालून वाळायला ठेवली.