तिसऱ्या चाकाचा आवाज

चाकांना दिलेला पांढरा रंग पाहिला आणि कानसेनला वाटलं, आता फक्त इंजिनाला लिपस्टिक लावायची राहिली.

शंभर वर्षांपूर्वीचा लाकडी सलून डबा, आणि त्याच्या आठही चाकांना कडेने गोल पांढरा पट्टा. बड्या लोकांच्या गाड्यांना पूर्वी असाच असायचा, असं संग्रहालयाचा संचालक येईल त्याला सांगत सुटला होता. कानसेन त्याला मनातल्या मनात पॉलिशवाला म्हणायचा. शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून या माणसाने दिसेल ते घासलं होतं. वाफेच्या इंजिनाची शिट्टी, डब्याच्या कड्या, दांडे, हे सगळं ठीक. पण त्याने कोळशाचं फावडंसुद्धा चकचकीत करून भिंतीवर टांगलं होतं. कोळशाच्या फावड्याला पॉलिश करणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? बरं, हा आल्यावर बाकीचे जुनेजाणते त्याच्यापुढे माना डोलवायला लागले होते. कानामागून आला आणि तिखट झाला, म्हणतात तसं.

कानसेनने याच शेडच्या यार्डात चौतीस वर्षं चाकं ठोकली होती. लांब दांड्याचा हातोडा घ्यायचा, उभ्या गाडीच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. धडधाकट चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं किंवा सैल झालेलं चाक बद्द वाजतं. एका बद्द आवाजावर त्याने भरलेल्या गाड्या अडवल्या होत्या, आणि अधिकारी घड्याळाकडे बघत मुकाट उभे राहिले होते. नाव तिथूनच पडलं. तो निवृत्त झाला, शेड बंद पडली, मग तिचं संग्रहालय झालं, आणि त्याला परत बोलावणं आलं. चाकं तपासायला नव्हे, दिसायला. जुना खाकी डगला घालून त्याने गाडीच्या कडेने हातोडा मारत फिरायचं. जरा तालात ठोका, लोक व्हिडिओ काढतात, असं पॉलिशवाल्याने सांगितलं होतं. तालात! त्या दिवशी घरी जाईपर्यंत कानसेन एकटाच हसत होता.

एक गोष्ट मात्र तो कुणालाच सांगत नव्हता. त्याचे कान गेले होते. डावा पुरता, उजवा बराचसा. उजव्या कानाशी तोंड नेऊन कुणी बोललं तरच कळायचं. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, टेबलाच्या खणात, दोन वर्षं पडून होतं. माझं मनगट ऐकतं, हातोडा परत येतो तेव्हाच चाक कसं आहे ते कळतं, असं तो बायकोला सांगायचा. ती म्हणायची, तुमचं आपलं नाकाने कांदे सोलणं चाललेलं असतं. पण दारावर कोण आलं, फोनवर कोण बोललं, शेजारीण काय विचारतेय, हे सगळं ती त्याच्या वतीने ऐकायची आणि त्याच्या वतीने उत्तरंही द्यायची. बाहेर कुणाला पत्ता लागला नव्हता, तो तिच्यामुळे. कानसेन त्याचं श्रेय मनगटाला द्यायचा.

रविवारी चाचणी फेरी झाली. शेडपासून जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि मागे यायचं, एवढंच. सलूनमध्ये हौशी मंडळी होती. कुणी बँकेतलं, कुणी शिक्षक, सगळ्यांच्या डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या. त्यातल्या एकाने डब्याचा हातब्रेक आवळला होता आणि सोडायला विसरला होता. इंजिन बिचारं ओढत राहिलं, डबा घासत राहिला. अर्ध्या वाटेवर मागच्या चाकांचा रंग जळून धूर यायला लागला. मंडळींनी त्या धुराचे फोटो काढले. कानसेन कडेला उभा राहून पोट धरून हसला. परतताना कुणीतरी गुपचूप ब्रेक सोडला. सोमवारी पॉलिशवाल्याने पोळलेल्या चाकांवर पुन्हा पांढरा रंग मारून घेतला, आणि त्या शहाण्याला रंग का पोळला हा प्रश्नही पडला नाही. घरी येऊन कानसेनने हा किस्सा बायकोला साभिनय सांगितला. पुढचे चार दिवस रोज सांगितला, आणि दर वेळी धूर थोडा वाढला.

शुक्रवारी उद्‌घाटन होतं. पहिल्या फेरीला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सलूनमध्ये बसवायचं ठरलं होतं. कानसेनची बायको ठेवणीतली साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीशी बसली होती. संसार यार्डाच्या भिंतीला लागून केला, पण असल्या डब्यात ती कधी चढली नव्हती. खाली फलाटावर माणसं मोबाईल उंच धरून उभी होती. कानसेन हातोडा घेऊन निघाला. पहिलं चाक, दुसरं, तिसरं, चौथं. तालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. हात हलताना दिसले. या माकडांना चाकातलं काय कळतंय, असं मनात म्हणत तो वळला, तर बायको डब्यातून उतरून समोर उभी.

ती काहीतरी बोलली. त्याने सवयीने मान हलवली. मग तिने त्याचा उजवा कान जवळ ओढला.

"तिसरं चाक बद्द वाजतंय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"चौतीस वर्षं स्वयंपाकघरातून हेच ऐकलंय मी. असा आवाज आला की तुम्ही उशिरा घरी यायचात. पुन्हा ठोका."

त्याने ठोकलं. मनगटाला काहीच कळलं नाही, म्हणजे नेहमीइतकंच कळलं. रंग जाड बसलाय, त्याने आवाज दबतो, असं तो सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण ते चाक त्याने नीट पाहिलं. रविवारी धूर आला होता तो इथूनच.

या जुन्या चाकांवर पोलादी धाव तापवून चढवलेली असते, बैलगाडीच्या चाकावर चढवतात तशीच. ब्रेक घासून ती पुन्हा तापली की फुगते, आणि सैल होते. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ उमेदवारालाही हे ठाऊक असतं. चार दिवस तो ज्या गोष्टीवर हसत होता ती ही होती.

गाडी थांबवायला फारसं काही लागणार नव्हतं. पण कशावरून, असं कुणीही विचारणार होतं. त्याचं उत्तर दिलं की संपला कानसेन. शिट्टी झाली असावी, कारण लोक दचकले. बायको त्याच्याकडेच बघत होती. डब्यात ड्रायव्हरची सून होती, पहारेकऱ्याची म्हातारी आई होती, आणखी वीसेक माणसं होती. कानसेन पुढे गेला आणि इंजिनासमोर रुळांच्या मधोमध उभा राहिला.

पॉलिशवाला धावत आला. हे कार्यक्रमात आहे का, असं त्याने बहुधा विचारलं. मग कानाशी येऊन ओरडला, "तुम्हाला आवाज आला का काही?"

"मला नाही आला. दोन वर्षं झाली, मला कुठलाच आवाज येत नाही. हिने ऐकला."

पॉलिशवाल्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. कानसेनने ते लगेच ओळखलं. गेले सहा महिने तो स्वतः तेच हसत होता. कुठला तरी बहिरा म्हातारा आणि त्याची स्वयंपाकघरात शिकलेली बायको. मागे कुणीतरी तोंडावर हात धरून हसताना दिसलं, कुणी मोबाईल आणखी जवळ आणला. चौतीस वर्षांत एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. पॉलिशवाला त्याच्या दंडाला धरून अगदी अदबीने त्याला बाजूला करायला लागला.

तेवढ्यात इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने काही विचारलं नाही, नुसती खिशातली खरवडणी काढून कानसेनच्या हातात दिली. कानसेन तिसऱ्या चाकाशी गुडघ्यावर बसला आणि रंग खरवडू लागला. धाव आणि चाक यांच्या सांध्यावर, दोन्हींवर मिळून, छिन्नीने एक आडवी खूण केलेली असते. धाव जागची हलली की खूण तुटते. ही खूण त्याने स्वतःच फार पूर्वी केली होती. चाकावरचा अर्धा भाग सापडला. त्याच्यापुढे धावेवर काहीच नव्हतं. तो खरवडत सरकत गेला, आणि तीन बोटं पलीकडे दुसरा अर्धा भाग सापडला.

ड्रायव्हर बघून उठला आणि इंजिनातली आग विझवायला निघून गेला. पॉलिशवाला खुणेकडे बघत राहिला. हे पुन्हा रंगवता येईल का, असं तो विचारतोय की काय, अशी एक शंका कानसेनला आली, पण यावेळी हसू काही आलं नाही. माणसं डब्यातून उतरू लागली.

बायको शेजारी येऊन वाकली. खुणेचे दोन तुकडे तिने बोटाने चाचपून पाहिले, मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. तिने आवाज चढवला नाही, तरी त्याला सगळं कळलं.

"त्या ब्रेकचा किस्सा माझ्याखेरीज कुणाला सांगितलात?"

"कुणाला नाही."

"आणि आज मला याच डब्यात बसवलंत."

रंगाची पांढरी सालं त्याच्या गुडघ्यांवर पडली होती, ती तो झटकत राहिला.

"अजून पाच चाकं राहिलीत," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्याने हातोडा तिच्या हातात दिला. तिने पिशवी त्याच्याकडे दिली. चौथं चाक या बाजूचं, मग पलीकडची चार, ती एकेक करून ठोकत गेली, तालाबिलाची पर्वा न करता. तो पिशवी धरून मागून चालत राहिला, आणि प्रत्येक टोल्यानंतर तिच्या तोंडाकडे बघत राहिला.