माझ्या अंगावर सवतीचं तोंड

मी लाल कापडातली कादंबरी बोलतेय. आधीच सांगते, जळफळत बोलतेय.

गांधीबागेत रुपरावजींचं कापडाचं दुकान. शिक्षण चौथी, पण वाचनाचं वेड असं, की गल्ल्यामागची एक फळी भाड्यानं द्यायच्या पुस्तकांची. चौसष्ट साली मी तिथं आले. माझी नायिका मारकुट्या नवऱ्याचं घर सोडते आणि परत येत नाही. एवढ्यावरून गहजब! कृष्णकांत नावाच्या टीकाकारानं पेपरात लिहिलं, "चिमट्यानं धरावी अशी कादंबरी." झालं, मला घरी न्यायला लोक बिचकू लागले. रुपरावजींनी ताग्यातला उरलेला लाल तुकडा काढला आणि मला पोथीसारखं बांधलं.

इतवारीतली नवी सून उत्तरा मला तशीच घेऊन गेली. सासू तुळसाबाईंना अक्षरओळख नव्हती. सून रोज पोथी वाचते म्हणून त्या हरखल्या. एका शुक्रवारी कापड सोडून त्यांनी माझ्या पहिल्या पानाला कुंकूच लावलं! असा मान दुसऱ्या कुठल्या कादंबरीला मिळाला, सांगा. वाचून झाल्यावर मी परत दुकानाच्या फळीवर.

मग अठ्ठ्याहत्तर साली माझ्यावर सिनेमा निघाला. मला लपवून वाचणारे आता बायकापोरं घेऊन रांगेत उभे! सिनेमात नायिका शेवटी नवऱ्याच्या पायावर पडते. आणि तेच कृष्णकांत लिहितात, "कादंबरीचा मळ दिग्दर्शकानं धुऊन काढला." रुपरावजींनी तर माझं कापड सोडून, जाहिरातीतला नायिका झालेल्या नटीचा फोटो कापून माझ्यावरच चिकटवला. गिऱ्हाइकं वाढली खरी, पण तिचं तोंड बघून. शिवाय परत येऊन म्हणायची, "हिच्यातला शेवट चुकला गा, रुपरावजी."

रुपरावजी वैतागले. शेवटचं पानच काढून टाकावं म्हणून त्यांनी कैची उचलली. तेवढ्यात उत्तरा सासूला घेऊन दुकानात शिरली.

"थांबा भाऊजी! तेच पान वाचाले आली मी."

"काहून वं?" तुळसाबाई म्हणाल्या. "काल पिच्चर पाह्यला ना? रडलो ना दोघी?"

"मी रागानं रडली, आई. तो शेवट खोटा हाये."

"मंग खरा कोणता?"

उत्तरानं तिथंच बसून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे परत नाही गेली ते?"

"नाही."

तुळसाबाईंनी मला हातात घेतलं. "बरं केलं पोरीनं." मग पहिलं पान उलटून बघतात तो कुंकवाचा डाग! "अवं, हे तर आपली पोथी!"

उत्तरा मान खाली घालून लाजली. तुळसाबाई मात्र रुपरावजींकडे वळल्या. "कुंकू लावलेलं कोणी कापते का गा?"

कैची मुकाट्यानं गादीखाली गेली. तुळसाबाईंनी मला कायमचं मागून घेतलं आणि तो फोटो नखानं सोलला. मी म्हटलं, सुटले! तर त्यांनी तो शेवटच्या पानात खुणेला ठेवला. "राहू दे. दिसाले लय साजरी हाये."

आज मी त्यांच्या कोनाड्यात आहे. पानं पिवळी पडली, उत्तराच्या मुली मला उघडपणे वाचतात. सिनेमा थेटरातून कधीच उतरला. ही बया मात्र माझ्या शेवटच्या पानावर तशीच पसरलेली आहे. तुम्ही मला उघडाल तेव्हा आधी तिला बाजूला करा. शेवट तेवढा माझ्या तोंडून ऐका.